प्रश्न खुला ठेवला आहे

हेडाऊ विरुद्ध धकाते.
गोळीबार चौकामागच्या बोळातलं द्वितीय अपील,
एकोणीस वर्षं जुनं.
मी त्याची शीर्षटीप लिहितो आहे
सिव्हिल लाइन्समध्ये, कूलरमध्ये पाणी भरून.

वादाचा मुद्दा: सूत वाळवायचं अंगण,
त्यावर पडलेली तीन मजल्यांची सावली.
खिडकीतून येणाऱ्या उजेडावर
वीस वर्षांनी वहिवाटीचा हक्क बसतो.
अंगणातल्या उन्हावर?
कलम खिडकी मोजतं. अंगणाला चौकट नाही.

उलटतपासणी, पान एक्केचाळीस:
'ऊन तुमचं, याला काही कागद?'
देवकाबाई हेडाऊ:
'काहून जी, मे महिन्यात थे सगळ्याइले पुरते.
मले पुसातलं पायजे.'
लघुलेखकाने 'पुसातलं' खोडून
वर 'डिसेंबरातलं' लिहिलंय.
खालचं अक्षर अजून वाचता येतं.

निकाल सहा ओळींचा.
अपीलकर्ती मयत. वारसांना स्वारस्य नाही,
माग भंगारात गेले.
'सबब, कायद्याचा प्रश्न खुला ठेवण्यात येत आहे.'

खुला म्हणजे कसा? अंगणासारखा?
टीपेत असं विचारायची पद्धत नाही.

सूचीपाशी येऊन मात्र अडलो.
सावली: पाहा, बांधकाम.
उजेड: पाहा, खिडकी.
छापखान्याचा पोरगा दारात उभा,
पाचला मशीन बंद होतं म्हणाला.
'उ'मध्ये एक नोंद घुसवली, ऊन,
आणि पुढे पान टाकलं.
अख्ख्या खंडात तेवढं एकच.