ओळ ४१०६

दर वेळी तिथेच.
कटर बाटलीच्या गळ्यातून निघतो,
खांद्यावरून मांजरपावलांनी उतरतो,
पृष्ठभागाला धरून, केसभरही इकडेतिकडे नाही,
आणि ओळ चार हजार एकशे सहाला
पायरी चुकल्यासारखा
थेट बिडात.

दोन ठोकळे गेले. त्यातला एक झुल्मिराने
दाराला टेकण म्हणून लावलाय,
समुद्राकडचं वारं सुटलं की दार आपटतं म्हणे.
त्याच्या पोटातली ती खोक
येताजाता दिसते मला.
दिसावी म्हणूनच लावलाय.

एर्मिनियु म्हणतो, दोष मशीनचा.
मशीनवाले म्हणतात, प्रोग्रॅमचा.
प्रोग्रॅम माझा.
म्हणून शुक्रवारी रात्री साडेनऊला
मारिन्या ग्रांदच्या या शेडमध्ये मी,
गार कॉफी, आणि पडद्यावर
निळ्या रेघांनी विणलेली अर्धी बाटली.

टॉलरन्स घट्ट केला.
फाइल फुगली, गणित वीस मिनिटं दळत बसलं,
बुडी तिथेच, फक्त जास्त रेखीव.
रेघा जवळ आणल्या. दिशा फिरवली,
आडव्याची उभी.
मग वाटलं, एखादा पृष्ठभाग उलटा असेल,
सदरा उलटा घालावा तसा, शिवण बाहेर,
आणि कटरला आत म्हणजेच बाहेर वाटत असेल.
सुलट्याला हिरवा, उलट्याला लाल असा रंग दिला.
सगळं हिरवं. माळरान.

शेवटी वैतागून, काही विचार न करता,
सहाचा कटर काढून दहाचा लावला.
बुडी आणखी खोल गेली.

इथे मी खुर्चीत सरळ बसले.
फट असती तर जाडा कटर वरच अडला असता.
जितका जाडा तितका खोल, म्हणजे
तो पडत नाहीये, त्याला कोणीतरी पाठवतंय.
तो बिचारा डोळे मिटून
पृष्ठभाग बोट दाखवेल तिकडे जातो.
आणि एका जागी ते बोट
खाली दाखवतंय.

मोठं केलं. आणखी मोठं केलं.
खांदा पडद्याबाहेर गेला, बाटली गेली,
उरली एक कड,
आणि कडेला, वहीच्या पानाचा कोपरा मुडपावा तशी
मुडपलेली एक चिंधी. केसाहून बारीक.
लाल.

ठिगळाची कड होती ती.
मूळ बाटली जुनी, फुंकून केलेली,
तेलवाल्यांच्या कपाटातून स्कॅनला आलेली.
तिच्या खांद्यावर अंगठ्याएवढी खळी;
तापलेली असताना कोणीतरी घाईत उचललेली असणार.
पोर्तूच्या ऑफिसात कोणाला ती बघवली नाही.
त्याने वरून गुळगुळीत ठिगळ लावलं,
तीन बाजूंनी नीट शिवलं
आणि चौथ्या बाजूला बहुधा जेवायची सुट्टी झाली.

कड कापून, ताणून पुन्हा शिवता आली असती.
अर्ध्या तासाचं काम.
मी ठिगळ निवडलं आणि डिलीट दाबलं.

खाली खळी होती तशीच.
रेघा तिच्यात उतरल्या, तळाशी जराशा दाटल्या,
पलीकडून वर आल्या.

अकरा वाजता तिसरा ठोकळा बांधला.
लाल बटणावर हात, कान स्पिंडलला.
चार हजार ब्याण्णव. चार हजार शंभर.
झुल्मिरा कधी मागे येऊन उभी राहिली कळलं नाही.
आज तिची पाळी नव्हती.
एकशे चार. एकशे पाच.
आवाज जरासा खाली आला,
उतारावर सायकलचे पाय थांबवावेत तसा,
आणि पुन्हा चढला.
एकशे सात.

झुल्मिरा म्हणाली, खळी राहिली की गं.
राहिली, म्हटलं.
एर्मिनियुला काय सांगशील?
सोमवारी बघू.
तिने वाकून दाराजवळचा ठोकळा
पायाने जरा आत सरकवला.
वारं पडलं होतं.