शनिवार-रविवार, सहा गुण

नोंदणी सव्वानऊला. गंगापूर रोडचा हॉल,
दुसरा मजला, लिफ्ट बंद.
गळ्यातल्या कार्डावर 'बोरस्ते'चं 'बोरसे' झालेलं.
दोन्ही आडनावं इथलीच,
म्हणून बदलून मागितलं नाही.

मार्चमध्ये नोंदणीचं नूतनीकरण,
सहा गुण कमी पडत होते. खरं कारण एवढंच.
तेवीस वर्षं मुलांची जीभ, टाळू, घास पाहिल्यावर
शिकायला म्हणून कोण येतं?

शेजारी मालेगावचे फिरोज पिंजारी,
श्रवणयंत्रं बसवतात.
ओझरच्या एका मुलीचं सांगत होते:
यंत्र लावल्याच्या तिसऱ्या दिवशी
तिनं विमान दिसायच्या आधीच वर पाहिलं.
"आई रडली असेल."
"नाही हो. म्हणाली, आता दुपारी झोपायची नाही ही."

शिकवणारी कांचन देवरे, कळवणची, जेमतेम तिशीची.
पडद्यावर पहिलंच चित्र द्राक्षाचं.
"उभं कापायचं. आडवं नाही. चार फोडी.
अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या श्वासात बूच होऊन बसतं."
मोसम भरात होता.
चहाशेजारी बशीत थॉमसन ठेवलेली, टपोरी.
सगळ्यांनी आपापल्या हातात पाहिलं.

जेवणानंतर जोड्या.
एकानं खुर्चीत बसायचं, हात मांड्यांखाली,
डोळे मिटून. बोलायचं नाही.
दुसऱ्यानं भरवायचं.

फिरोजभाई सज्जन माणूस.
तरी चमचा आला तो न सांगता,
दातांवर आपटला. नाचणीची गार पेज.
पहिला घोट घशात असतानाच दुसरा.
मी मान वळवली,
चमचाही वळला.
मी ओठ मिटले.
तेवढंच बोलता येत होतं मला.

आणि तिथे, पंख्याखाली,
सिन्नरचा मयूरेश आठवला, अडीच वर्षांचा.
त्याच्या आईला मीच म्हणाले होते,
"नाक दाबलं की तोंड उघडतं, ताई."
दोघी हसलो होतो.
म्हण आपलीच, पिढ्यांची, चुकेल कशी?
लागूही पडली. अर्धी वाटी वरणभात गेला.
फाइलमध्ये मी लिहिलं: प्रतिसाद उत्तम.

तोंड त्यानं श्वासासाठी उघडलं होतं.

"काय वाटलं?" कांचननं रांगेनं विचारलं.
कुणी म्हणालं, भीती. कुणी, राग.
कुणी, पेजेत मीठ कमी आहे.
हसण्याची लाट माझ्यापर्यंत येऊन थांबली.
मी रोज चार चार वर्षांच्यांना
जिभेच्या मागच्या भागातला 'क' शोधून देते,
'टाटा'चा 'काका' व्हावा म्हणून,
आणि मला एक शब्द सापडेना.
"पाणी," म्हणाले. तिनं आणून दिलं,
पेला माझ्या हातात दिला, तोंडाशी नाही.

रविवारी प्रमाणपत्रावरही 'बोरसे'.
या वेळी परत दिलं.
दुरुस्त होईपर्यंत पाऊण तास
जिन्यात उभी राहिले.
सिन्नरचा नंबर अजून आहे फोनमध्ये.
लावला नाही.

सोमवार, नाशिकरोड, साडेदहा.
अद्वय, दोन वर्षं चार महिने,
चमचा दिसला की कमानीसारखा मागे वाकणारा.
चमचा ड्रॉवरमध्ये ठेवला.
एक द्राक्ष उभं कापलं,
एक फोड मी खाल्ली, सावकाश,
उरलेल्या त्याच्यापुढे ठेवल्या
आणि काही केलं नाही.
काही न करणं किती अवघड असतं ते
तेवीस वर्षांत कळलं नव्हतं.

बाहेर रिक्षा, कुणाचा तरी खोकला, घड्याळ.
विसाव्या मिनिटाला त्यानं एक बोट पुढे केलं,
फोडीला लावलं, हुंगलं,
माझ्या बाहीला पुसलं.

"आज पण काहीच खाल्लं नाही ना, मॅडम?"
आईनं पर्समधून पैसे काढत विचारलं.
मी फाइल तिच्याकडे फिरवली.
तारखेपुढे लिहिलं होतं:
बोट लावलं. स्वतःहून.
तिनं ते दोनदा वाचलं
आणि पैसे हातात तसेच धरून
पुन्हा खाली बसली.