हातचा एक

कादंबरीत पावसाळी दुपार आहे, बग्गी आहे,
नायकाच्या मामाला दूर कुठल्याशा बेटावरून
‘वर्षाला तीन हजार पौंडांचं उत्पन्न’ आहे.
एवढंच वाक्य. पुढं लगेच नाच सुरू होतो.

वीस वर्षं मी ते वाक्य ओलांडून
नाचात शिरत आलो,
बी.ए. भाग दोन, पेपर चौथा, खोली नंबर अकरा.

यंदा वडणग्याची बायाक्का पुजारी उठली.
‘सर, उत्पन्न कशाचं?’
साखरेचं, म्हणालो.
‘मग ऊस कोण तोडत हुतं?’
एकशे बाराव्या पानावर एक काळा माणूस
चहाचा ट्रे घेऊन येतो. बहुतेक तिकडचाच.
‘नाव?’
मी पान उलटलं. पुन्हा उलटलं.
कुत्र्याला नाव होतं.

तिचा बाप गुऱ्हाळावर घाण्याला ऊस लावतो.
चरकात दोन बोटं गेलेली.
मला वाटलं, धागा सापडला; बोलत सुटलो –
तिकडं बेटांवरही चरकाशेजारी कुऱ्हाड टांगलेली असे,
हात अडकला तर चरक थांबवायचा नाही…
ती मधेच म्हणाली, ‘माझ्या बापाला नाव आहे, सर.
आठवड्याला पगार आहे.
मालकाशी भांडला तर घरी येऊन झोपतो.
त्यांचं त्यांच्याजवळ राहू द्या की.’

पंखा तेवढा ऐकू येत होता.

संध्याकाळी ग्रंथालयातली जुनी प्रत काढली.
जांभळा शिक्का, कुणा साहेबानं बक्षीस दिलेली,
कडांना कसर.
त्या वाक्याशेजारी, समासात,
मुंगीएवढी मोडी.

मला मोडी येत नाही.
मंगळवार पेठेतले दत्तोबा चिटणीस
भिंग लावून वाचू लागले, हसले.
‘हिशेब आहे हो. कुणा पोरानं मांडलाय.
तीन हजार पौंडांचे रुपये किती,
त्यात पेठेच्या भावानं
गुळाच्या ढेपा किती.’

म्हणजे माझ्या शंभर वर्षं आधी
कुणीतरी याच ओळीला ठेचकाळलं होतं,
आणि साहेबाच्या बक्षिसावर,
साहेबाला न वाचता येणाऱ्या अक्षरात
गुपचूप बेरजेला बसलं होतं.

‘उत्तर काय आलं?’
‘सोडवलेलं नाही. इथं शाई फुटलीय.’
भिंग जवळ, भिंग लांब.
‘खाली एवढंच आहे बघा –
हातचा एक.’