तज्ज्ञाचा अभिप्राय

वसमतच्या आयटीआयत, फिटर ट्रेडच्या बाकावर
गुट्टे जमादारांनी पोतं उपडं केलं:
चार आडवी धनुष्यं, अकरा बाण, सुतळीचा एक गुंडा.
"बाई, दोनच ओळी लिहा.
चालतात का. आणि धोका आहे का."
त्यांच्या मागे तातेराव पांचाळ,
चपला दाराबाहेर काढून,
देवळात आल्यासारखे.

पहिलं जीपच्या पाट्याचं.
ताणायला दोन पोरं लागली,
एकाचा पाय रिकिबीत, दुसऱ्यानं त्याची कंबर धरलेली.
बाण हळदीच्या चुऱ्याच्या पोत्यातून गेला,
मागच्या पत्र्यातून गेला
आणि पलीकडच्या तुरीत कुठं पडला
ते अजून सापडलेलं नाही.
पिवळी धूळ बराच वेळ हवेत राहिली.
परत ताणायला पोरं तयार होईनात.
'चालतं' असं मी लिहिलं. मग खोडलं.

दुसऱ्याला धनुष्यच नाही.
स्कूटरचे दोन शॉकअप, मध्ये क्लचची वायर.
दिसायला ऐटबाज, बाण सात पावलांवर मान टाकतो.
"स्प्रिंगला सोताचंच वझं झालंय," तातेराव म्हणाले,
"बाणाला द्यायला काई उरत नाई."

तिसरं छत्रीच्या काड्यांचं, वर बिस्किटाचा डबा,
हापशासारखा दांडा हलवला की एकामागून एक पाच बाण.
चौथा अडकला. पाचवा त्याच्यावर चढला.
जमादारांनी वाकून पुढून आत डोळा लावला
तेव्हा त्या दुपारी मी पहिल्यांदा ओरडले.

वर्गात मी शिकवते, यंत्र म्हणजे हाताची सोय.
पण साधं धनुष्य ओढून माणूस किती वेळ उभा राहील?
दंड थरथरतो, खांदा भरून येतो,
सोडावं लागतं, नाहीतर खाली घ्यावं लागतं.
तो थकवा कुणी बसवलेला नाही
तरी तो खटकाच आहे, सगळ्यात जुना.
इथं दोर घोडा धरून बसतो.
घोड्याला चहा लागत नाही, डुलकी लागत नाही,
राग येत नाही, म्हणून ओसरतही नाही.
रात्रभर तसाच,
कुणाच्या तरी बोटाची वाट बघत.

"कामून केलं हे?" मी विचारलं.
"पाटे बसवून जिंदगी गेली, बाई.
गाडीखाली पाटा निस्ता सोसतो.
येकदा बगावं म्हनलं,
त्याला बोलता येतंय का."

डाव्या अंगठ्याचं वरचं पेर नव्हतं.
मी पाहिलं. त्यांनी हात सदऱ्यात घेतला.

चौथं लहान. बांबूचं,
बाभळीचा दांडा तेल पाजून काळा केलेला.
दोराच्या वाटेला दोन्हीकडून पत्र्याची कड,
अंगठा चुकूनही वर येऊ नये अशी.
मी रिकामंच ताणलं, घोडा दाबला. काही नाही.
परत दाबला. नाही.
मग बाण ठेवला
आणि आतून पेटीचं कुलूप उघडावं तसा
टक आवाज आला.
बाण नसताना सुटलं की धनुष्य स्वतःलाच फाडतं,
म्हणून आत जिभेएवढी पट्टी.
बाणाची शेपटी टेकल्याशिवाय ती हलतच नाही.
हे त्यांना कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं.
गेलेल्या पेरानं सांगितलं होतं.

छापील कागदावर जागा दोन शब्दांची.
पहिल्या तिन्हींपुढे लिहिलं: कामाचं नाही, धोका आहे.
चौथ्यापुढे पेन थांबलं.
गुट्टे घड्याळ बघत होते.
मी लिहिलं: चालतं. धोका आहे.
दुसरं काय लिहिणार,
बाण शेवटी बाणच.

तातेराव वाचत नव्हते, माझ्या हाताकडे बघत होते.
दारात चपला पायानं चाचपत म्हणाले,
"जप्त करा समदं.
ती पट्टी तेवढी
पोरांना खोलून दाखवा."