अंगठा

सुकती लागली की मिऱ्याच्या खडपावर
तपकिरी शेवाळ उघडं पडतं,
ओल्या चामड्याच्या पट्ट्यांसारखं, कातळाला धरून.
मी दहाच्या उन्हात पिशव्या भरते.
प्रत्येक पिशवीवर तारीख, पाण्याचा खारटपणा, माझी सही.

याला पळता येत नाही, मी विद्यार्थ्यांना सांगते,
समुद्र अंगावरून ओढून घेतला
की हे उन्हात तसंच पडून राहतं,
म्हणून स्वतःच्या आतच सावली करून ठेवतं.
ती सावली आम्ही मद्यार्कात उतरवतो,
गाळतो, आटवतो.
उरतो चिमूटभर चुरा. नावं मात्र लांबलचक,
फ्लोरोटॅनिन, फ्युकॉइडन.
बशीतल्या पेशींवर टाकला
तर त्यांचं म्हातारपण जरा रेंगाळतं.
बशीत. हे मी दर वेळी दोनदा म्हणते.

पलीकडच्या घळीत इंदुमती डोर्लेकर कालवं फोडत होती.
कोयतीचा एक ठोका, डब्यात एक मऊ थेंब.
"एवढा पातेरा कशाला गो नेतेस?"
"कातडीसाठी, मावशी. सुरकुत्या उशिरा याव्यात म्हणून."
ती हसली,
मग हसणं मध्येच ठेवून
उजवा हात पुढे केला.

रेशनच्या दुकानातलं यंत्र हा अंगठा घेत नाही.
पदराला पुसला, खोबरेल लावलं, लिंबू चोळलं.
दुकानदार म्हणतो, तू तूच आहेस हे मला ठाऊक,
पण याला पटायला हवं. पुढच्या महिन्यात ये.
"तोंडावरच्या राहू देत.
हितल्या रेषा परत येतील काय, तेवढं सांग."

मी भिंग धरलं.
कालवांच्या कडा, मीठ, कोयतीची मूठ,
चाळीस वर्षं.
टाकी लावायला झालेल्या पाट्यासारखा अंगठा,
एका कडेला दोनच रेषा, त्याही अर्धवट.

माझ्या वहीत या प्रश्नाला रकाना नव्हता.
माहीत नाही, म्हणाले.
बरं, म्हणाली, आणि पुन्हा वाकली.

पाणी चढू लागलं तशी
शेवटच्या पिशवीला गाठ मारायला तीच आली.
लेबलावरची शाई ओली होती.
तारखेवर उमटला एक निळा गोल,
आत काही नसलेला.

ती पिशवी अजून फ्रीजरमध्ये आहे, खालच्या कप्प्यात.
तारीख वाचता येत नाही,
म्हणून नियमाप्रमाणे
नमुना बाद.