तोंडओळख

चष्म्याच्या दुकानातला आरसा म्हणाला,
"या, बिरुटे. बऱ्याच दिवसांनी."
आणि दाखवू लागला सोनेरी काड्यांचे चष्मे,
दोन घेतले तर तिसरा फुकट.

बिरुटे जानेवारीत गेली होती.
आरशासमोर उभी होती आल्डोना,
तिच्याहून अकरा मिनिटांनी धाकटी.

हे मी टाइप केलं मार्चमधल्या एका मंगळवारी,
सिसरोतल्या आमच्या दोन खोल्यांच्या कचेरीत.
खाली टायरवाला, त्यामुळे जबानीच्या मध्येमध्ये
हवेच्या पंपाची फुसफुस.
वकीलसाहेबांनी विचारलं, "सही केली होतीत कशावर?"
"मी कशाला करू? बसला वेळ होता,
आत हीटर चालू दिसला म्हणून शिरले.
माझी त्या आरशाशी तोंडओळखसुद्धा नव्हती."

मग त्यांनी इलिनॉयचा कायदा वाचून दाखवला,
बोट ठेवून, सावकाश, पोथी वाचावी तसा.
बोटांचे ठसे, बुबुळ, आवाजाची खूण,
हाताची आणि चेहऱ्याची मापं
लेखी होकाराशिवाय दुकानाने घ्यायची नाहीत.
होकार मिळाला तरी विकायची नाहीत.
उंची, वजन, केसांचा रंग, डोळ्यांचा रंग,
साधा फोटो
यांना मात्र या कायद्याचं कुंपण नाही.

"म्हणजे डोळे निळे आहेत हे कोणीही लिहून घ्यावं,
पण दोन डोळ्यांमधलं अंतर माझं?"
"तुमचं."
"आमचं," आल्डोना म्हणाली.

आईसुद्धा चुकायची, तिने सांगितलं.
एकीला ताप, आणि औषध दुसरीच्या घशात.
तिच्यावर नाही कोणी दावा लावला.

पर्समधून तिने एक कार्ड काढलं,
दुकानातून आलेलं, बिरुटेच्या नावाने:
तुमचा चेहरा थकलेला दिसला.
डोळ्यांखाली लावायचं क्रीम, वीस टक्के सूट.
"खरं होतं ते. पंधरा दिवस झोपले नव्हते.
चर्चमध्ये, जेवणाला, बसस्टॉपवर
कोणाच्या लक्षात आलं नव्हतं."
यावर काय लिहायचं ते मला कळेना.
मी स्पेसबार दाबला.

कंपनीचं पत्र आलं होतं, पुसायला तयार आहोत.
दोन कागद, दोन चेहरे,
जे त्यांच्या यंत्रात एकच होते.
आपल्या कागदावर आल्डोनाने चटकन सही केली.
दुसऱ्यावर पेन टेकवलं, उचललं.
"हे पुसलं की तो तिला ओळखणार नाही?"
"नाही."
साहेब आपलाच चष्मा पुसत बसले.
"आणि मी नाहीच सही केली तर?"
"तरी उशिरात उशिरा तीन वर्षांत पुसावंच लागेल.
गिऱ्हाइकाच्या शेवटच्या भेटीपासून.
बहीण शेवटची कधी गेली होती तिथे? नोव्हेंबरात ना?"

खालचा पंप थांबला.
"नाही," आल्डोना म्हणाली, "फेब्रुवारीत.
आरशालाच विचारा."

मी तसंच टाइप केलं.
मग खोडलं.
मग पुन्हा तसंच.