बी बाजू, कोरी समजून

पाचशे कॅसेटी आल्या होत्या, चार खोक्यांत,
जेल रोडवरच्या माझ्या दुकानात.
एकोणीस विकल्या गेल्या.
त्यातल्या चार गिटारवाल्या बाशिंगकरच्या आईनं,
वेगवेगळ्या दिवशी, दर वेळी नवं गिऱ्हाईक असल्यासारखी.

कव्हरवर मिलची चिमणी, आडवी छापलेली.
लोकांना वाटलं छापखान्याची चूक.
बँडचं नाव 'तिसरी पाळी'.
पेपरात तीन ओळी आल्या: तरुणांचा स्तुत्य उपक्रम,
खाली नाव, 'तिसरी पाल'.
'बँड आहे का भिया, वरातीचं काय घेतात?'
एकानं विचारलं. चेष्टा नव्हती ती. त्याच्या घरी लग्न होतं.

इक्बालचा बाप मागावर असायचा.
मिल थांबली तरी त्याची बोटं
ताटाच्या कडेवर धोटा फेकत राहिली.
इक्बालनं तो ठेका उचलून ड्रमवर ठेवला,
जसाच्या तसा,
मध्ये धागा तुटला की थांबतात
तेवढं थांबून.

रोहिणी मुतालिक गायची.
गायची म्हणजे रेशनच्या रांगेत
नंबर चुकवला की बाई बोलते तसं,
आणि मग एकदम एखादा सूर इतका लांब धरायची
की डोक्यावरचा पंखा दमल्यासारखा वाटे.
मी ऐकलं होतं. सगळं. दोनदा.
कुणाला सांगितलं नाही.

दोन वर्षं खोकी माळ्यावर.
मग एका लग्नसराईत कोऱ्या कॅसेटींचा तुटवडा पडला.

कॅसेटच्या डोक्यावर दोन चौकोनी भोकं असतात.
उघडी असली की आतलं पुसता येत नाही.
मी शटर अर्धं ओढून बसलो
आणि चिकटपट्टीनं बुजवली,
चारशे एक्क्याऐंशी कॅसेटींची,
दोन्ही बाजूंची.
आठ रुपयांना एक.
अक्षय्य तृतीयेला एकही उरली नाही.

परवा रामबागेतल्या एक बाई आल्या.
पेन ड्राइव्हवर घ्यायची होती एक टेप,
यजमानांचा आवाज, मुलीला पाढे शिकवतानाचा.
लावली.
बारा नव्वे अठ्ठ्याण्णवासे... नाही, चुकले ते,
हसले, मुलगी हसली, अष्टोत्तरशे,
बारा दाहे विसाशे,
खट्.

पुढचं खट् होईपर्यंत
अकरा सेकंद
धोटा, धोटा, तुटलेला धागा,
आणि रोहिणीचा तो सूर,
अर्ध्यात उगवलेला, अर्ध्यात कापलेला.
मग तेरा एके तेरा.

माझा हात सवयीनं बटणाकडे गेला.
'हे मधलं काढून टाकू?'

'छे हो,' त्या म्हणाल्या,
'तिला वाटायचं, बारानंतर हे म्हणायचंच असतं.
आता भोपाळला औषधांच्या दुकानात असते.
गोळ्या मोजते बारा-बाराच्या,
दहा पाकिटं झाली की
अजून थांबते,
गुणगुणते एवढंच,
आणि मग तेरा.'